सढळ, ढिसाळ आणि नजरअंदाज

सावनेर, जि. नागपूर

चि. भाच्यास,

निबंधासाठी 'काटेकोर'च्या उलट काय म्हणायचं, असं विचारलंस आणि वर एकच शब्द हवा म्हणालास. एकात भागत नाही रे. समोरच्याचं कौतुक करायचं की त्याला झोडायचं, हे आधी ठरवावं लागतं. वाढणाऱ्याचा हात सढळ, बसणं ऐसपैस, गप्पा अघळपघळ, उत्तर मोघम, आकडा ढोबळ, कारभार ढिसाळ आणि माणूस गबाळा. पहिल्या दोघांना कुणी नावं ठेवत नाही, शेवटच्या दोघांना कुणी सोडत नाही. सरकार मात्र कधी ढिलं पडत नाही. ते नियम 'शिथिल' करतं!

राम गणेश गडकऱ्यांनी 'प्रेमसंन्यास' नाटकात असाच एक सैल माणूस, विसरभोळा गोकुळ, उभा केला. ते 23 जानेवारी 1919 रोजी आपल्या सावनेरातच गेले, हे तुला ठाऊक असावं.

पण या गावाचा खरा सैल शब्द तहसीलच्या कागदावर सापडतो: 'नजरअंदाज पैसेवारी'. हिंदी सिनेमातला 'नजरअंदाज' इथे विसर. तिथे तो दुर्लक्ष करतो, इथे तो शेताकडे डोळे लावून बसतो. खरिपाचं पीक उभं असतानाच गावोगाव किती पिकेल याचा डोळ्यांनी अदमास घेतात आणि 30 सप्टेंबरच्या सुमारास आकडा जाहीर करतात. ऑक्टोबरअखेर सुधारित आणि 31 डिसेंबरला अंतिम. मधल्या काळात निवडक शेतांत ठरावीक मापाचा तुकडा आखून, कापून, तोलून बघतात. म्हणजे ढोबळातून काटेकोराकडे जायचं. पऱ्हाटीची बोंडं मात्र तोवर पावसात सडलेली असू शकतात.

हिशेब असा: नेहमीचं प्रमाण उत्पादन म्हणजे 100 पैसे. यंदा त्याच्या निम्म्याहून कमी आलं, तर पैसेवारी 50च्या खाली. अशा गावांना जमीन महसुलात सूट, कृषिपंपाच्या वीजबिलात 33.5 टक्के सवलत, मुलांची परीक्षा फी माफ, अशा गोष्टी मिळत आल्या. म्हणून 49 आणि 51 मधल्या दोन पैशांवरून जेवढी भांडणं होतात, तेवढी भावाभावांत बांधावरूनही होत नसतील. 1957मध्ये दशमान नाणी आली, तरी म्हातारी माणसं अजून 'आणेवारी'च म्हणतात. सोळा आण्यांपैकी आठ आण्यांखाली पीक, की ओरड सुरू.

2016च्या केंद्रीय दुष्काळ संहितेनंतर दुष्काळ ठरवताना पाऊस, जमिनीतला ओलावा, उपग्रहाने टिपलेली हिरवाई असे निर्देशांक बघतात. कागदावर हे जास्त काटेकोर आहे. पण उपग्रहाला बांधावरचं गवतही हिरवंच दिसतं, अशी तक्रार शेतकरी करतात, आणि ती मामाला पटते.

तेव्हा तुझ्या निबंधात नियमांसाठी 'शिथिल' घाल, माणसासाठी 'सैल'. आणि डिसेंबरअखेर फोन करशील तेव्हा आजोबांना 'पीक कसं आहे' असं मोघम विचारू नकोस. आणेवारी किती लागली, ते विचार.

तुझा,
मामा