नामानाच्या सात बुड्या

मनुष्याचे इतर दुर्गुण बहुधा त्याचे त्याला आधी कळतात आणि जगाला मागाहून. अहंकाराचा प्रकार मात्र उलटा आहे. तो घरातील लहानथोर सर्वांना दिसत असतो. ज्याच्या अंगी वसतो त्यालाच काय तो त्याचा पत्ता नसतो. वयाची साठ वर्षे उलटेपर्यंत आम्ही स्वतःस शिस्तप्रिय, हिशेबी व स्पष्टवक्ते समजत होतो. या तीन गोड नावांच्या आड आमच्या घरात काय नांदत होते, हे आम्हांस सुमारे अठ्ठावीसशे वर्षांपूर्वीच्या एका परदेशी सेनापतीच्या कथेने दाखविले. ती हकीकत वाचकांस सांगावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

वडील निवर्तल्यावर एकत्र कुटुंबाचा कारभार आमच्याकडे आला. आमचे धाकटे बंधू बापू यांनी त्यात कधी ढवळाढवळ केली नाही. एका वर्षी राहत्या घराचे छप्पर उतरवून नवे घालावे लागले. त्या कामाचा हिशेब बघताना चाळीस हजार रुपयांचा मेळ बसेना. बापू म्हणाले, "दादा, ती रक्कम मी तुमच्या हाती दिली होती." आम्हांस तसे आठवत नव्हते, आणि जे आम्हांस आठवत नाही ते घडलेच नाही, असा आमच्या घरी जणू नियमच होता. दुपारची पंक्ती बसली होती. पाहुणे होते, मुले होती. आम्ही म्हणालो, "या घरात हिशेबाला चुकणारा माणूस आजवर निपजला नव्हता." बापूंनी हातातील घास ताटात ठेविला, चित्राहुती घातलेल्या ताटाला नमस्कार केला आणि ते उठले. पंधरा दिवसांच्या आत त्यांनी गावाच्या दुसऱ्या टोकाला बिऱ्हाड केले.

यास चार वर्षे लोटली. दरम्यान आमच्या मुलाचे लग्न झाले व सून घरात आली. तिने धाकट्या सासऱ्यांना या घरी जेवताना कधी पाहिलेच नव्हते. एके दिवशी जुनी पंचांगे झटकीत असता तिला एक कागद सापडला. तो तिने काही न बोलता आमच्यापुढे आणून ठेविला. अक्षर आमचेच होते. 'बापूकडून मिळाले रुपये ४०,०००', खाली तारीख, आणि त्याखाली 'लाकडाच्या वखारीत भरले'.

तो कागद पाहून आम्हांस काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. परंतु त्याहून सांगण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. चूक कळल्यावर ती कबूल करावी, हा विचार आमच्या मनास शिवलाही नाही! आम्ही निराळाच बेत रचिला. बापूंच्या मुलीचे लग्न ठरत होते. त्या लग्नाचा सारा खर्च आपण उचलावा, आंब्याच्या बागेतील आपला अर्धा हिस्सा बापूंच्या नावे करून द्यावा, अहेर घेऊन थाटाने जावे, आणि त्या कागदाविषयी मात्र चकार शब्द काढू नये. एवढे औदार्य पाहिल्यावर मागचे सारे आपोआप धुऊन निघेल, अशी आमची समजूत. हा बेत आम्ही मंडळींना मोठ्या समाधानाने ऐकवीत होतो. सूनबाई तेथेच निवडणटिपण करीत बसली होती. ती खाली मान घालूनच म्हणाली, "मामंजी, रागावणार नसाल तर एक विचारू? धाकट्या मामंजींनी बाग मागितली असती, तर ती तुम्ही दिलीच असती. पण त्यांना हवे आहे ते एकच वाक्य. एवढे मोठे द्यायला निघालात, मग एवढेसे का अडते?"

आम्ही रागावलो. उत्तर न देता उठून माडीवर गेलो. परंतु ते बोलणे आपण पूर्वी कोठे तरी ऐकिले आहे, असे राहून राहून वाटू लागले. रात्री आठवण झाली. आमचे वडील इंग्रजी शिकवीत. बायबल वाचल्यावाचून इंग्रजी वाङ्मयाचे मर्म कळत नाही, असे त्यांचे मत असल्यामुळे तो ग्रंथ आमच्या घरी देवपूजेच्या पोथ्यांच्या शेजारच्याच कपाटात असे. पंडिता रमाबाईंसारख्या संस्कृत विदुषीने आपल्या उत्तरायुष्याची कितीतरी वर्षे हिब्रू व ग्रीक शिकून त्या ग्रंथाच्या मराठी भाषांतरात घालविली, हेही वडील सांगत. आम्ही ते पुस्तक काढिले आणि राजांच्या दुसऱ्या पुस्तकातील पाचवा अध्याय उघडला.

कथा अशी आहे. अराम देशाच्या, म्हणजे आजच्या सीरियाच्या राजाचा नामान नावाचा सेनापती होता. शूर, विजयी, राजाच्या मर्जीतला. परंतु अंगावर असाध्य त्वचारोग. मूळ हिब्रू शब्दात अनेक प्रकारचे त्वचाविकार येतात. तेव्हा तो आजचा महारोगच असेल असे नाही. ते काही असो, चिलखताखाली झाकता येई, पण बरा होत नसे, असे ते दुखणे होते. त्याच्या पत्नीच्या सेवेस इस्राएलातून लुटीत धरून आणलेली एक लहान मुलगी होती. तिला आपल्या धन्याची दया आली. शोमरोनात एक संदेष्टा आहे, त्याच्याकडे धनी गेले तर बरे होतील, असे ती बाईसाहेबांस म्हणाली. जिला मायबापांपासून तोडून आणिले, तिच्या तोंडून हे शब्द निघावेत, हेच आधी नवल!

मग थोरामोठ्यांचे चक्र फिरू लागले. अरामाच्या राजाने इस्राएलाच्या राजास पत्र दिले. नामानाने बरोबर दहा किक्कार रुपे, सहा हजार शेकेल सोने आणि दहा पोशाख घेतले. आजच्या मापाने रुपे सुमारे ३४० किलो आणि सोने सत्तर किलोच्या आसपास. मुलीने सांगितले होते संदेष्ट्याचे नाव. हे गेले राजाकडे. थोरांस वाटते, मोठी गोष्ट मोठ्या दारातूनच मिळायची. पत्र वाचून इस्राएलाचा राजा गडबडला. हे भांडण उकरून काढण्याचे निमित्त आहे असे समजून त्याने अंगावरची वस्त्रे फाडली. शेवटी अलीशा संदेष्ट्यानेच निरोप धाडिला, की त्या मनुष्यास माझ्याकडे येऊ द्या.

नामान घोडे व रथ घेऊन अलीशाच्या दारी उभा राहिला. अलीशा बाहेर आलाच नाही. त्याने माणसाकरवी सांगितले, यार्देन नदीत सात वेळा स्नान कर, बरा होशील. नामान संतापला. संदेष्टा स्वतः सामोरा येईल, देवाचे नाव घेऊन दुखऱ्या जागेवरून हात फिरवील, असा सोहळा त्याने मनात आधीच रचून ठेविला होता. आणि नदीत बुडायचेच, तर दिमिष्काच्या अबाना व परपर या नद्या काय वाईट होत्या? यातील अबाना म्हणजे आजची बरादा, असे मानितात. त्या कोरड्या मुलखात दिमिष्क हिरवेगार झाले ते तिच्याच पाण्यावर. तेव्हा नामानाचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. अहंकाराची गोम हीच, की तो बहुधा खऱ्या गोष्टीचाच आधार घेऊन बोलतो. आमचा हिशेबीपणाही काही खोटा नव्हता.

तो रागाने परत फिरला. तेव्हा त्याचे चाकर जवळ आले आणि त्याला बापाच्या नात्याने हाक मारून म्हणाले, की संदेष्ट्याने एखादे अवघड काम सांगितले असते, तर ते आपण केले नसते काय? मग नुसते स्नान करायला सांगितले तर का करू नये? येथे आमच्या हातून पुस्तक खाली ठेविले गेले. आमच्या सुनेने हा अध्याय कधी वाचलेला नव्हता. परंतु निवडणटिपण करता करता ती अक्षरशः त्या चाकरांच्याच मुखाने बोलली होती.

नामान यार्देनेत उतरला. यार्देन हे नावच उतरण्याच्या अर्थाच्या धातूपासून आले, असे पुष्कळ पंडित मानितात. हेर्मोन पर्वताच्या पायथ्याकडून ती निघते आणि सारखी उतरत जाऊन मृत समुद्रास मिळते. त्या समुद्राचा काठ आज सागरपातळीच्या ४०० मीटरांहूनही खाली आहे. पृथ्वीच्या पाठीवर उघड्या जमिनीचा याहून खोल प्रदेश नाही. अशा नदीत त्या सेनापतीस रथातून उतरून, पोशाख उतरवून, आपल्याच चाकरांदेखत सात वेळा डोके बुडवावे लागले. त्याचा विश्वास बसला होता असे ग्रंथ म्हणत नाही. तो नुसता कबूल झाला. विश्वास पाण्यातून वर आल्यावर आला. त्याचे अंग लहान मुलाच्या अंगासारखे झाले, असे तेथे म्हटले आहे. आणि मूळ हिब्रूत त्या दासीसाठी 'लहान मुलगी' असे जे दोन शब्द आले आहेत, तेच येथे पुल्लिंगी होऊन आले आहेत. जिचे त्याने ऐकले, तिच्यासारखाच तो झाला.

आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. या अध्यायात सेनापतीचे नाव आहे, संदेष्ट्याचे आहे, नद्यांचीही नावे आहेत. परंतु त्या मुलीचे नाव नाही आणि त्या चाकरांचीही नाहीत. वाट ज्यांनी दाखविली ते सारे बिननावाचे.

दुसऱ्या दिवशी आम्ही अहेर न घेता बापूंच्या बिऱ्हाडी गेलो. खिशात फक्त तो कागद. वाटेत तीन वेळा परत फिरावेसे वाटले. दार बापूंनीच उघडले. आम्ही उभ्याउभ्याच म्हणालो, "बापू, पैसे तू दिले होतेस. माझी चूक झाली." एवढे वाक्य उच्चारण्यास आम्हांस चार वर्षे लागली होती! बापूंनी कागद हाती घेतला, पण वाचला नाही. म्हणाले, "दादा, वखारीत पैसे तुम्ही भरल्याचे मला दुसऱ्याच दिवशी कळले होते. पण वखारवाल्याला बोलावून तुम्हांला चार माणसांत खाली पाहायला लावणे मला जमले नसते." आम्ही चार वर्षे ज्याला हिशेबचुकार समजत होतो, त्याने चार वर्षे आमची लाज राखिली होती. त्यांची पत्नी मात्र काही बोलली नाही. ती आत गेली आणि पुष्कळ वेळाने चहा घेऊन आली. तिचे शल्य आमच्या एका वाक्याने निघावे अशी अपेक्षा धरणे, हाही अहंकारच झाला असता.

एका बुडीने भागत नाही, हे तेव्हा कळले. आरोप पंक्तीत केला होता, तेव्हा कबुलीही पंक्तीतच द्यावयास हवी होती. वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी सारे जमले असता आम्ही तो कागद मोठ्याने वाचून दाखविला. आवाज कापत होता. वाचून झाल्यावर प्रथम मान वर करून पाहिले ते सुनेकडे. ती वाढण्यात गुंतली होती.

परंतु कथेचा शेवट अजून उरला आहे. बरा झालेला नामान अलीशाकडे परत आला, इस्राएलाच्या देवावाचून दुसरा देव नाही असे म्हणाला आणि देणगी देऊ लागला. अलीशाने काही एक घेतले नाही. तेव्हा त्याचा चाकर गेहजी मागून धावत गेला. त्याला पाहून तो पूर्वीचा ताठर सेनापती रथातून खाली उतरून सामोरा आला! गेहजीने खोटे सांगून रुपे व पोशाख मिळविले, आणि नामानाचा रोग त्याला जडला. आम्हीही श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी एका स्नेह्यांस ही सारी हकीकत रंगवून सांगितली. ते म्हणाले, "वा! केवढे मोठे मन!" ते ऐकून आम्हांस जी गोडी वाटली, तिने आम्ही दचकलो. फुकट मिळालेल्या आरोग्याची किंमत वसूल करण्यास आमच्या मनातील गेहजी धावत निघाला होता. हे लिहितानाही तो दाराआड उभा नसेल, असे आम्ही शपथेवर सांगू शकत नाही.

पुढे शेकडो वर्षांनी येशूने नासरेथच्या सभास्थानात या नामानाचे नाव काढिले, असे लूक सांगतो. इस्राएलात रोगी पुष्कळ होते, परंतु बरा झाला तो परका अरामी, असे ऐकताच गावकरी इतके खवळले, की त्यांनी येशूला कड्यावरून लोटून देण्यासाठी गावाबाहेर नेले. वडिलोपार्जित धर्म व विद्या ज्यांच्या घरी आहे, त्यांना परक्याचे उदाहरण असे झोंबते. आमच्यासारख्या घरांनी हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

जाताना नामानाने अलीशाकडे दोन खेचरांवर मावेल एवढी माती मागितली. आणि राजाबरोबर रिम्मोनाच्या देवळात आपल्याला वाकावे लागेल, त्याची क्षमा असावी, असे सांगितले. एका दिवसात तो सिद्धपुरुष झाला नाही. अलीशानेही त्याला अधिक न ताणता शांतीने जाण्यास सांगितले. बापू अद्याप त्यांच्या बिऱ्हाडीच आहेत. परंतु सणावारी पंक्तीला येतात, आणि गेल्या गौरीच्या दिवशी त्यांची पत्नी आमच्या मंडळींबरोबर चुलीपाशी बसली होती. घरखर्चाची वही आता सूनबाईकडे आहे. रक्कम हाती आली की ती आमची सही घेते, आणि आम्ही ती निमूटपणे करितो.