मिस्त्रीचाचांचं देणं

माझ्या स्वयंपाकघरातले लाकडी डाव, पळ्या आणि मोठी काठवट मी स्वतः घडवली आहे. ही विद्या मला दिली लखनऊ छावणीच्या सदर बाजारातल्या एका वृद्ध सुतारानं. सगळे त्यांना मिस्त्रीचाचा म्हणत, मीही तेच म्हणे.

माझे पती आर्मी मेडिकल कोअरमध्ये होते. कोअरचं प्रशिक्षण केंद्र लखनऊला असल्यानं आमची तिथे बदली झाली. मे महिन्यातल्या एका आँधीत आंब्याची जाड फांदी मोडून पडली आणि माळ्यानं तिचा ओंडका अंगणात आणून टाकला. त्याचं सरपण करायला मन होईना. त्यातून काही घडवायला कोणतं मशीन घेऊ, हे विचारायला मी चाचांकडे गेले. ते म्हणाले, “बिटिया, पहले यह बताइए, बनाना क्या है?”

या प्रश्नानं माझी निम्मी खरेदी वाचली. डावाला मोठं यंत्र लागतच नाही. लाकडाचे धागे दांड्याच्या लांबीत धावतील असा तुकडा निवडायचा, जिगसॉनं बाहेरचा आकार कापायचा आणि खोलगट भाग गोल पटाशीनं हातानं कोरायचा. धागे आडवे गेले तर दांडा मोडणार. काठवटीच्या पोटातून मात्र ढीगभर लाकूड काढावं लागतं. तिथे चार इंची ग्राइंडर हवा आणि त्यावर लाकूड कोरायची चकती. एकसारखे गोल वाडगे करायचे तर लेथच हवा.

चाचांचं तारुण्य लखनऊच्या चौक भागात चिकनकामाचे ठप्पे कोरण्यात गेलं होतं. कापडावर नक्षी उमटवायचे हे ठप्पे शिसवीचे. रेषेभोवतीचं सगळं लाकूड काढायचं आणि केसाएवढी रेष उभी ठेवायची, असं ते काम. त्यामुळे कुठे थांबायचं हे त्यांच्या बोटांना पक्कं ठाऊक होतं. भिंत अंगठाभर जाडीची राहिली की ते मला ग्राइंडर बंद करायला लावत. पुढचं काम पटाशी आणि पॉलिश पेपरचं.

ग्राइंडर घेताना ते दुकानात माझ्यासोबत आले. हे यंत्र मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतं. चकतीवर छापलेला वेग त्याहून कमी नसावा, गार्ड कधी काढू नये, बाजूची मूठ लावून दोन्ही हातांनी धरावं, लाकूड क्लॅम्पमध्ये आवळावं, हे त्यांनी एकेक करून दाखवलं. दुकानदारानं चालू स्थितीत अडकून राहणाऱ्या बटणाचं मशीन पुढे केलं, ते त्यांनी परत ठेवायला लावलं. काम चालू असताना वीज गेली आणि आपण बटण विसरलो, तर वीज येताच टेबलावरची चकती आपोआप फिरू लागते. हात सुटताच बंद पडणारं मशीन त्यांनी मला निवडून दिलं.

बोलताना त्यांना मध्येच खोकल्याची उबळ येई. बंद खोलीत, तोंडाला काही न बांधता, वर्षानुवर्षं केलेल्या कामाचा तो परिणाम आहे असं ते सांगत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ साली लाकडाच्या धुळीची गणना कर्करोगकारक पदार्थांत केली. चाचांनी तोवर त्या धुळीत अर्धं आयुष्य काढलं होतं. मास्क आणि चष्मा घेतल्याशिवाय त्यांनी मला एकदाही बटण दाबू दिलं नाही.

शिकवण्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. संक्रांतीची गुळपोळी तेवढी आवडीनं खात. ज्या ज्ञानाची किंमत त्यांनी आपल्या श्वासानं मोजली, ते मला त्यांच्या दुकानापुढच्या बाकड्यावर बसून आपुलकीनं मिळालं. आता कुणी माझ्याकडे मशीनची चौकशी करतं तेव्हा मी आधी मास्क विकत घ्यायला लावते आणि मगच ग्राइंडरचं बोलते. चाचांचं ऋण फेडायचा मला ठाऊक असलेला मार्ग हाच.