हाताला कोमट म्हणजे किती?

पुण्यात खाऱ्या पाण्याचा टँक ठेवायचा तर समुद्र घरीच कालवावा लागतो. आरओचं पाणी, टँकसाठी मिळणारं खास मीठ आणि ते विरघळेपर्यंत पाणी फिरवत ठेवणारा पॉवरहेड. माझ्या टँकमध्ये दोनशे लिटर पाणी आहे, त्यात क्लाउनफिशची जोडी आणि एक क्लीनर श्रिंप. दर रविवारी वीस लिटर पाणी काढतो आणि तेवढंच नवं घालतो. मिठाचं प्रमाण सगळेच काटेकोरपणे बघतात. तापमानाचं मात्र बऱ्याच ठिकाणी 'हाताला कोमट लागलं की झालं' असं चालतं.

पण डिसेंबरातल्या सकाळी गारठलेल्या हाताला २२ अंशांचं पाणीही कोमटच लागतं. तेव्हा टँक २६ अंशांवर असतो.

हिशेब सोपा आहे. १८ अंशांचं वीस लिटर पाणी २६ अंशांच्या १८० लिटरमध्ये मिसळलं, तर टँक २५.२ वर येतो. हे मासे सोसतात. तेच गार पाणी निम्मा टँक बदलून घातलं, तर पारा थेट २२ वर. माशाच्या शरीराचं तापमान पाण्याबरोबर बदलतं. पाणी एकदम गार झालं की त्याची हालचाल, पचन, रोगाशी झुंजण्याची ताकद, सगळंच मंदावतं.

शिवाय ०.८ अंशाची घट ही झाली सरासरी. पाणी ओतताना काचेला डोळा लावून पाहिलं की खरा प्रकार दिसतो. नव्या पाण्याच्या पारदर्शक, थरथरत्या रेघा सरळ खाली उतरतात, कारण गार पाणी जड. जिथे श्रिंप दगडाला धरून बसलेला असतो, तिथेच ते आधी पोचतं. त्याचं अंग काही क्षण २६ ऐवजी २० अंशांच्या पाण्यातही असू शकतं. म्हणून मी पाणी पंपाच्या झोतासमोर, बारीक नळीने सोडतो. खाली बसायच्या आधीच ते मिसळून जातं.

नवं पाणी शनिवारी रात्रीच ड्रममध्ये तयार असतं. त्यात १०० वॉटचा हीटर टाकतो. वीस लिटर पाणी एक अंशाने तापवायला त्याला साधारण चौदा मिनिटं लागतात, म्हणजे आठ अंशांना दोन तास धरायचे. थंडीत थोडी उष्णता बाहेर जाते, त्यामुळे अजून थोडा वेळ. रात्रभर ठेवलं की घाई उरत नाही.

आईला हा सगळा खटाटोप वाटतो. "अरे, गिझरचं गरम पाणी ओत की थोडं. एवढं काय ते माशांचं कौतुक!" पण बऱ्याच गिझरमध्ये तांबं असतं, आणि आपल्याला बाधणार नाही इतकं तांबंही श्रिंपच्या जिवावर उठतं. आंघोळीच्या बादलीत टाकायचा रॉड तर नकोच. त्याच्या धातूला खारं पाणी खातं आणि शॉकची भीती वेगळीच.

मीठही तापमान जुळल्यावरच मोजतो. गार पाणी दाट असतं. तरंगता हायड्रोमीटर त्यात वर राहतो आणि मीठ आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. थंड ड्रममध्ये १.०२५ आलं म्हणून समाधान मानावं, तर पाणी तापल्यावर आकडा खाली आलेला असतो. आधी उष्णता, मग मीठ, हा क्रम मी मोडत नाही.

थर्मामीटर मात्र दोन्हीकडे एकच वापरतो. दोन स्वस्तातले थर्मामीटर एकाच पाण्यात ठेवले तर त्यांच्यात अंशाभराची तफावत सहज निघते. आपल्याला खरा आकडा नको असतो, टँक आणि ड्रममधला फरक हवा असतो, आणि तो एकाच थर्मामीटरने धड कळतो.

मे महिन्यात सगळं उलटं होतं. गच्चीवरच्या टाकीतून आलेलं पाणी आरओतूनही ऊनच बाहेर पडतं. तेव्हा पाण्याची बाटली गोठवून, झाकण घट्ट लावून ड्रममध्ये सोडतो. सुटा बर्फ टाकला तर तो वितळून मिठाचं माप बिघडवतो.

पाणी काढण्याआधी टँकमधल्या हीटरचा प्लग काढायचा, हे कितीही गडबड असली तरी विसरू नये. पातळी उतरली की काचेची नळी उघडी पडते, कोरडी तापते, आणि नवं पाणी लागताच तडकते.

नवा टँक घ्यायला निघाला असाल, तर मासे निवडायच्या आधी ड्रमसाठी वेगळा हीटर आणि एक बरा थर्मामीटर घ्या. ड्रम आणि टँकमधला फरक एका अंशाच्या आत आला की मगच पाणी ओता. तोवर पाणीबदल संध्याकाळवर गेला, तरी बिघडत काही नाही.