वण

मेंदू म्हटला की आपल्या मनात मज्जापेशीच येतात. त्यांच्या अवतीभवतीच्या ऐवजाला जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरशो याने १८५६ साली ‘न्यूरोग्लिया’, म्हणजे मज्जेचा डिंक, असे नाव दिले. डिंकाकडून चिकटण्यापलीकडे कोणी अपेक्षा करीत नाही. या पेशीही दीर्घकाळ तशाच दुर्लक्षित राहिल्या. त्यांतल्या चांदणीसारख्या फुटव्यांच्या पेशी म्हणजे ॲस्ट्रोसाइट. आपण त्यांना तारकापेशी म्हणू. मज्जापेशींच्या सांध्यांत उरलेले ग्लुटामेट उचलणे, जादा पोटॅशियम शोषणे, थोडी साखर ग्लायकोजेनच्या रूपाने साठवणे, रक्तवाहिन्यांवर पाउले टेकवून त्यांची निगा राखणे, ही त्यांची कामे. घरात अशी कामे कोण करते, हे वाचकांना सांगावयास नको.

या पेशींशी आमचा परिचय हौसेने झाला नाही. काही वर्षांपूर्वी इंदूरला आमचे धाकटे बंधू स्कूटरवरून पडले. मेंदूच्या डाव्या भागास इजा झाली आणि शब्द गेले. समोर पाण्याचा पेला असे, त्याकडे बोट दाखवून ते नुसते ‘ते, ते’ म्हणत. अशा वेळी एका परिचिताने ‘मेंदूतला वण विरघळवणाऱ्या’ औषधाची माहिती आणली. किंमत भारी होती. भावजय पाटल्या मोडावयास निघाल्या. घरातले थोरले म्हणून निर्णय आमच्यावर आला, आणि आम्ही वाचावयास बसलो.

मराठीतला ‘वण’ संस्कृत ‘व्रणा’पासून आला. व्रण म्हणजे जखम, वण म्हणजे ती भरल्याची खूण. एकाच शब्दात दुखणे आणि बरे होणे, दोन्ही. मेंदूस मार लागला की तारकापेशी फुगतात, जीएफएपी नावाचे प्रथिन त्यांच्यात वाढते, आणि त्या इजा झालेल्या जागेभोवती दाट कुंपण घालतात. या कुंपणामुळेच तुटलेले मज्जातंतू पुन्हा वाढत नाहीत, असे अनेक दशके मानले जाई. २००४ साली लॉस एंजेलिसच्या मायकेल सोफ्रोन्यू यांच्या गटाने मज्जारज्जूस इजा झालेल्या उंदरांत या पेशी काढून पाहिल्या. दाह पसरला, मज्जापेशी अधिक मेल्या, उंदरांची हालचाल आणखी खालावली. २०१६ साली याच गटास असेही आढळले, की वण होऊ दिला नाही तरी तंतू वाढत नाहीत.

म्हणून तारकापेशींना देव्हाऱ्यात बसवावे असेही नाही. २०१७ साली स्टॅनफर्डच्या शेन लिडेलो आणि बेन बॅरेस यांनी दाखविले, की मेंदूतल्या मायक्रोग्लिया या रक्षक पेशींनी संकेत दिले तर काही तारकापेशी मज्जापेशींना मारू लागतात. अल्झायमर आणि पार्किन्सन झालेल्यांच्या मेंदूतही तशा पेशी आढळल्या. त्यावरून ‘घातक’ आणि ‘उपकारक’ अशी सुटसुटीत विभागणी रूढ झाली. २०२१ साली अनेक संशोधकांनी एकत्र येऊन ती अपुरी ठरविली. आम्हांस ते पटले. माणसांतही अशी विभागणी फारशी टिकत नाही.

माणसाच्या मेंदूतला वण विरघळवणारे सिद्ध औषध आजमितीस नाही. समजा असते, तरी ते कुंपण केव्हा आणि किती उतरवावे, हे कोण सांगणार? आम्ही भावजयींना हे जेवढे समजले तेवढे सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग पाटल्या पेटीत गेल्या आणि जमलेले पैसे वाचोपचाराच्या बाईंकडे.

बंधू आता सकाळचे वर्तमानपत्र मोठ्याने वाचतात. नातवाच्या नावाशी मात्र अजून अडतात. नातू स्वतः ते सांगत नाही, आजोबांना सापडेपर्यंत समोर उभा राहतो.