अर्ध्या गुणाचा हिशेब

बुद्धिबळात डाव बरोबरीत सुटला की दोघींना अर्धा-अर्धा गुण. पण रेटिंगच्या वहीत हिशेब वेगळा: वरचढ खेळाडूचं रेटिंग घटतं, कमी रेटिंगवालीचं वाढतं.

जुलै २०२५ मध्ये बातुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत आपल्या नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख कोनेरू हंपीसमोर बसली. हंपीचं रेटिंग तिच्याहून बरंच जास्त. दोन्ही मुख्य डाव बरोबरीत सुटले, म्हणून तर टायब्रेक झाला आणि तिथे दिव्या जिंकली.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलीही स्पर्धांना जातात. लेक अर्धा गुण घेऊन आली की आपण विचारतो, "म्हणजे जिंकली नाहीस?" जमेची रक्कम आपणच खर्चात टाकतो. आधी विचारा, "समोर कोण होतं गं?"