सहावा मणी

थंडी पडली की ताईचे सांधे दुखायचे. आई रात्रभर तिचे गुडघे शेकत बसायची आणि तासातासाला तिला पाणी पाजायचं काम माझ्याकडे. सिकलसेल. सदोष जनुक ताईला आई-बाबा दोघांकडून मिळालं, मला एकाकडूनच. म्हणून मी नुसता ‘वाहक’. मला कधीच काही दुखलं नाही.

नोकरी लागल्यावर एका रात्री हा आजार मी कोड वाचावा तसा वाचला.

प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. तयार होता होता ती आपली आपण घडी घालते. पाण्याशी न पटणारे मणी आत दडतात, पटणारे बाहेर राहतात. ख्रिश्चन अनफिन्सन यांनी एक प्रोटीन रसायनं घालून पार उलगडलं. रसायनं काढून घेतल्यावर ते पुन्हा मूळ आकारात आलं. म्हणजे आकाराची माहिती माळेतच होती! त्यांना १९७२ चं नोबेल मिळालं. नुसती माळ वाचून आकार अचूक ओळखायला मात्र अल्फाफोल्डचं २०२० साल उजाडावं लागलं.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ मणी. ताईच्या डीएनएत एका ‘ए’च्या जागी ‘टी’ आहे. तेवढ्यानं सहावा मणी बदलतो. पाण्याशी पटणाऱ्या ग्लुटामिक आम्लाऐवजी न पटणारं व्हॅलिन येतं. घडी जवळपास तशीच पडते, पण हा मणी बाहेर उघडाच राहतो. ऑक्सिजन सुटला की तो शेजारच्या हिमोग्लोबिनच्या खळगीत शिरतो. असे एकाला एक चिकटून दोर तयार होतात, पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. पेशीतलं पाणी घटलं की हे चिकटणं वाढतं.

तासातासाचं ते पाणी मला त्या रात्री कळलं.

सध्या घरी माझा बायोडेटा बनतोय. उंची, शिक्षण, पॅकेज. शेवटी मी लिहिलं, ‘सिकलसेल वाहक’. आई म्हणाली, “हे कशाला? स्थळं येणार नाहीत.” तिच्या लग्नात कुणी विचारलं नव्हतं, कुणी सांगितलंही नव्हतं. समोरचीही वाहक निघाली, तर दर बाळंतपणात आजाराची शक्यता चारात एक.

मी फाइल ताईला पाठवली. तिचा लगेच फोन आला.

“ती ओळ वर घे,” ती म्हणाली. “पॅकेजच्या वर.”