लंडनच्या कामगारवस्तीतल्या रणरागिणी

लंडनला जाणारा आपला माणूस आधी १०, किंग हेन्रीज रोड गाठतो. विद्यार्थिदशेत १९२१-२२ साली परमपूज्य बाबासाहेब ज्या घरात राहिले, ते घर २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतले आणि तेथे स्मारक झाले. तेथे नतमस्तक झाल्यावर बहुतेक मंडळी राजवाडा आणि पार्लमेंट बघायला जातात. पार्लमेंटसमोरच्या चौकात मिलिसेंट फॉसेटबाईंचा पुतळा आहे. त्यांनी आयुष्यभर स्त्रियांच्या मताधिकारासाठी काम केले. त्या चौकातला स्त्रीचा हा पहिला पुतळा, तोही २०१८ साली उभा राहिला! फॉसेटबाई थोरच. पण भाकरीची भ्रांत असलेल्या बायांनी मत कसे मागितले, हे समजून घ्यायचे तर भुयारी रेल्वेने पूर्वेकडे जाऊन बो रोड स्टेशनावर उतरावे.

हा भाग पूर्वीपासून कष्टकऱ्यांचा. रस्त्याच्या मधोमध जुने चर्च आहे आणि त्याच्यापुढे पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचा हात पुढे केलेला पुतळा. त्या हाताला लाल रंग फासलेला दिसतो. हा पुतळा १८८२ साली जवळच्या आगपेटी कारखान्याच्या मालकाने दिला. त्याचा खर्च पोरींच्या मजुरीतून कापला, अशी गोष्ट वस्तीत सांगतात. खरे-खोटे काही असो, रंग फिका पडला की कोणीतरी पुन्हा फासतो. याच ग्लॅडस्टनसाहेबांनी १८८४ साली स्त्रियांना मत द्यायला विरोध केला होता. कारखान्यात फॉस्फरसमुळे बायांच्या जबड्याची हाडे सडत. १८८८ साली सुमारे चौदाशे बाया-पोरींनी संप केला आणि जिंकला. आज त्या इमारतीत महागडे फ्लॅट आहेत.

अशा वस्तीत १९१२ साली सिल्व्हिया पँखर्स्ट आली. ती चित्रकार होती. बो रोडवर एक रिकामे दुकान भाड्याने घेऊन, शिडीवर चढून, तिने स्वतः सोनेरी अक्षरांत ‘स्त्रियांना मत’ असे रंगवले. तिची आई एमेलिन आणि बहीण ख्रिस्ताबेल या चळवळीच्या मोठ्या पुढारी. पण १९१४ च्या जानेवारीत ख्रिस्ताबेलने सिल्व्हियाच्या पूर्व लंडन शाखेला संघटनेबाहेर काढले. कामगार बाया म्हणजे स्त्रीजातीतला सर्वांत दुबळा भाग, त्यांचा चळवळीला काय उपयोग, असे तिचे म्हणणे होते, हे सिल्व्हियानेच पुढे लिहून ठेवले. सख्ख्या बहिणीने हे म्हणावे! चळवळीतसुद्धा वरची आणि खालची ओळ असते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

दुबळ्या म्हटलेल्या या बायांनी काय केले? स्वतःचे वृत्तपत्र काढले. पोलीस सिल्व्हियाला पकडायला आले की तिला आपल्या घरात लपवले. तुरुंगात उपोषण करून खंगलेली सिल्व्हिया १९१४ च्या जूनमध्ये पार्लमेंटच्या दाराशी जाऊन पडली, तेव्हा कोठे पंतप्रधान ॲस्क्विथ यांनी भेट दिली. २० जूनला सहा बाया त्यांच्यासमोर गेल्या. पुढारी ज्युलिया स्कर. ब्रश बनवणाऱ्या सॅव्हॉयबाईंनी आपल्या हातचा ब्रशच टेबलावर ठेवला आणि त्याची किती तुटपुंजी मजुरी मिळते ते सांगितले. डेझी पार्सन्सने कारखान्यातली गोष्ट काढली. पुरुषांना जेवायला खोली आहे, बायांनी संडासात बसून खायचे. पंतप्रधानांनी गोड बोलून वेळ मारून नेली.

ओल्ड फोर्ड रोडवर सिल्व्हियाचे घर व सभागृह होते. ते आता नाही, पण तिथल्या पबच्या भिंतीवर २०१८ साली तिचे मोठे चित्र काढले गेले. महायुद्धात नवरे लढाईवर गेले, तेव्हा याच रस्त्यावरच्या ‘गनमेकर्स आर्म्स’ नावाच्या बंद पबमध्ये या बायांनी पाळणाघर उघडले आणि नाव ठेवले ‘मदर्स आर्म्स’. बंदूकवाल्यांचा अड्डा, तो आयांचा झाला.

१९१८ साली कायदा झाला. पण मत कोणाला? तिशी ओलांडलेल्या आणि स्वतःच्या किंवा नवऱ्याच्या नावे घर-जागा असलेल्या स्त्रीला! सुमारे ८४ लाख स्त्रियांना मत मिळाले, पण कारखान्यातल्या तरण्या पोरी, दुसऱ्याच्या घरात राबणाऱ्या मोलकरणी बाहेर राहिल्या. ही मालमत्तेची मेख आपल्याही ओळखीची आहे. १९१९ साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी हेच मांडले, की अशा अटी ठेवल्या तर अस्पृश्यांच्या वाट्याला मत येणारच नाही. १९२८ साली इंग्लंडमध्ये एकवीस वर्षांवरच्या सर्व स्त्रियांना मत मिळाले. त्याच वर्षी बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला, आणि १९५० साली संविधानाने तो दिला. तरीही पहिल्या निवडणुकीच्या यादीतून सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे गळली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची आई, तमक्याची बायको एवढेच सांगितले होते.

परतताना बो रोडवर मिनी लॅन्सबरीच्या नावाचे घड्याळ दिसते. ती शाळामास्तरीण, सिल्व्हियाच्या संघटनेतली. १९१८ च्या कायद्याच्या वेळी तिची तिशी व्हायची होती, म्हणून तिला मत मिळाले नाही. पण १९२१ साली ती पॉपलर नगरपालिकेत होती. गरिबांवर कराचा बोजा नको म्हणून तिच्यासह तीस नगरसेवक तुरुंगात गेले. त्यांत पाच बाया होत्या, ज्युलिया स्करही होती. सहा आठवड्यांनी न्यायालयाने त्यांना सोडले. १९२२ च्या एक जानेवारीला मिनी वारली, तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती.